दीडच्या बातम्या

— नाही, नाही, हात खाली सोडा, असे, एकदम सैल, रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा. मापं द्यायची म्हटलं की सगळे कवायतीला उभं राहिल्यासारखे ताठ होतात आणि मग घरी जाऊन म्हणतात, कोट काखेत काचतो — हं. बाही पाऊण इंच जास्त आहे. खांदाही उतरलाय. हा तुमच्या मापानं शिवलेलाच नाही, कुणातरी दांडग्या माणसाचं माप घेऊन सगळ्यांना सरसकट वाटलाय. खरं ना? — वाटलंच मला. ऑफिसनं दिलेलं म्हणजे असंच. आणि मघाशी म्हणालात, मी काही पडद्यावर दिसत नाही, मी आपली वेळापत्रकाचं बघते, कुठला कार्यक्रम किती वाजता ते — त्यात काय एवढं, म्हणालात. ताई, मला विचाराल तर त्यातच सगळं आहे. आल्या आल्याच तुमच्या गळ्यातला पट्टा बघितला मी, त्यावरचं ते तुमच्या चॅनलचं लाल चिन्ह. म्हटलं, घ्या. वर्षभर ज्यांना पत्रं लिहितेय त्यांच्यातलं कुणीतरी स्वतःच्या पायांनी दुकानात आलं, आणि तेही बाही आखूड करायला.

घाबरू नका, भांडणार नाही. तोंडात टाचण्या धरून भांडता येत नाही, आणि टाचण्या काढल्या तर तुमचा कोट राहील. फक्त विचारायचंय. तुमच्या दीडच्या बातम्या कुठे गेल्या? — कुठल्या काय विचारता, खुणांच्या. सांकेतिक भाषेतल्या. कोपऱ्यात चौकटीत ती बाई उभी राहायची, काळा कोट, लांब वेणी पुढे घेतलेली, आणि बातम्या हातांनी सांगायची. अर्धा तास. दीड ते दोन. आठवल्या? — हो, त्याच. नाही, माझे कान चांगले आहेत, नको तेवढे चांगले आहेत. माझा थोरला भाऊ. जन्मापासून ऐकू येत नाही त्याला. आत आहे, मागच्या खोलीत, इस्त्री करतोय. तुमच्या कोटाची काजं तोच करेल, त्याच्यासारखी काजं अख्ख्या बाजारात कुणी करत नाही. — हळू कशाला बोलता? त्याच्या बाबतीत तेवढं एक सुख आहे, काहीही बोला.

आमची आई होती तोवर तुमच्या चॅनलची गरजच नव्हती. आई रोज संध्याकाळी त्याला समोर बसवायची आणि दिवसभराचं सगळं हातांनी सांगायची. पेपरातलं, बाजारातलं, खालच्या मजल्यावरच्या सुनेनं सासूला काय सुनावलं ते, सगळं. खुणा तिनंच बनवलेल्या, घरातल्या घरात. दादा पोट धरून हसायचा, मध्येच तिचा हात धरून थांबवायचा, पुन्हा सांग म्हणायचा. शाळेत त्याला कुणी टिकू दिलं नाही. अक्षरं येतात, आकडे येतात, ठळक ठळक शब्द वाचतो, पण सलग ओळ वाचायची म्हणजे त्याला डोंगर. आई गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. — केलं की. केलं म्हणजे कसं, जमेल तसं. सकाळी आठला दुकान उघडायचं, दिवसभर मशीन, संध्याकाळी हात नुसते ठणकतात, आणि त्याच हातांनी जगभराच्या बातम्या सांगायच्या. मी पाच वाक्यांचं एक करायची. कुठे पूर आला तर ‘पाणी, खूप’ एवढंच. कोण मेलं, किती मेले, त्यांचं काय झालं — तो विचारायचा, मी म्हणायची, नंतर. आणि मग चार वर्षांपूर्वी तुमच्या दीडच्या बातम्या सुरू झाल्या आणि मी सुटले. हो, सुटलेच. खोटं कशाला बोलू?

जरा वळा. हं. पाठीत एक चूण घेते.

तो सव्वालाच तोंड धुऊन, भांग पाडून बसायचा टीव्हीसमोर, हो, तो वर लावलाय तोच. स्टूल ठरलेलं. सुरुवातीला त्याला त्या बाईच्या निम्म्या खुणा कळायच्या नाहीत, आमच्या घरच्या वेगळ्या, तिच्या शिकलेल्या. पण दोन-तीन महिन्यांत त्यानं सगळ्या उचलल्या. ‘वेणी’ नाव ठेवलं होतं तिचं, खांद्यावरून खाली असा हात फिरवायचा — वेणी. वेणीनं आज हे सांगितलं, वेणीला आज सर्दी झालीय, डोळे सुजलेत. ती रजेवर गेली की ह्याचं तोंड उतरायचं. आणि दोन वाजले की चपला घालून चालला मित्राकडे. मित्र म्हणजे घड्याळवाला. त्यालाही ऐकू यायचं नाही. घड्याळं दुरुस्त करायचा, आता बोला, टिकटिक कशी असते ते ठाऊक नाही आणि घड्याळ चालू आहे की बंद ते नुसतं बोट टेकवून सांगायचा. त्याच्याकडे टीव्ही नव्हता. दादा ऐकवायचा, म्हणजे दाखवायचा त्याला सगळ्या बातम्या, वेणीच्या हातांनी. दोघं चारपर्यंत जगाचा निकाल लावून मोकळे. मी एकदा बघितलंय ते, डबा द्यायला गेले होते तेव्हा. त्या दोघांमध्ये आपण परके आहोत असं वाटलं मला, सख्ख्या भावाच्या बाबतीत.

मग तुम्ही लोकांनी वेळा बदलायला सुरुवात केली. आधी दीडचे एक पन्नास. बरं, म्हटलं, वीस मिनिटं. मग बारा वाजता. त्याला कोण सांगणार? तो दीडला बसला, समोर भलतंच. मग पुन्हा दीड, पण सोमवार ते गुरुवार. मग दीडला सुरू व्हायचं आणि पाच मिनिटांत कुणीतरी मंत्री माइकसमोर येऊन उभा, की गेली वेणी. आठ चौकटींत आठ डोकी, सगळी एकदम ओरडतायत. दादा मला विचारायचा, काय म्हणतायत? मी सांगायची, काही नाही. त्याला पटायचं नाही, एवढी तोंडं उघडी आणि काही नाही? एकदा त्यानं गालावर हात ठेवून विचारलं, सगळ्यांचे दात दुखतायत का? — हसताय ना, मीही हसले होते. चोवीस तास बातम्या, ताई. चोवीस तासांत अठ्ठेचाळीस अर्धे तास, त्यातला एक त्याचा होता, तोही तुम्हाला जड झाला.

आणि खाली ती पट्टी. ‘सांकेतिक भाषेतील बातम्या थोड्याच वेळात.’ ती कोण टाकतं? — तुम्ही? स्वतः? — बरं. नाही, बरं म्हणाले, बाकी काही नाही. वरून सांगतात आणि तुम्ही टाकता, नोकरी आहे, समजतं मला. पण एक सांगा, थोडा वेळ म्हणजे किती ते तुम्हाला तरी माहीत असतं का? — तेच म्हणते मी.

तो बर्फाच्या कारखान्याचा दिवस. गेल्या वर्षीचा. आठवतो? अमोनिया फुटला होता तो. तुम्ही होता कामावर? — होता. हं. मान नका हलवू, कॉलरला टाचणी आहे.

त्या दिवशी साडेबाराला कधीतरी कारखान्यातली नळी फुटली. पाऊण वाजता माझ्या फोनवर निरोप आला, कारखान्याच्या बाजूला कुणी फिरकू नका, दारं-खिडक्या लावून घ्या. शाळेच्या बँडचे अकरा कोट तीन वाजता द्यायचे होते, त्यांचे मास्तर इथेच, तुमच्या बाजूच्या खुर्चीत बसून होते. मी खिडक्या लावल्या. मास्तरांना सांगितलं. वरच्या आजींना जिन्यातून ओरडून सांगितलं. समोरच्या चहावाल्याला सांगितलं, रस्त्यानं जाणाऱ्या दोन अनोळखी बायकांना थांबवून सांगितलं, अहो, तिकडून जाऊ नका म्हणून. आणि येऊन मशीनवर बसले. दीड वाजला. दादा स्टुलावर. टीव्हीवर कुठल्यातरी पुलाचं काहीतरी, मंत्री बोलतोय, आणि खाली तुमची ती पट्टी, थोड्याच वेळात. तिच्या वरून दुसरी पट्टी पळत होती, कारखान्याची. ती एवढी पळते की मलाच धड वाचता येत नाही, तो काय वाचणार. त्यानं एकच शब्द पकडला त्यातला. बर्फ. आला माझ्याकडे, बाही ओढली माझी. दोन्ही हात असे थरथरवून दाखवले — बर्फ. मग मनगटावर दोन बोटं — घड्याळवाला. मग असं — काय? घड्याळवाल्याची खोली कारखान्याच्या मागच्या गल्लीत, भिंतीला लागून. त्याला काळजी वाटली होती. त्यानं नीट विचारलं होतं मला.

मी वर बघितलं नाही. माझ्या सुईखाली कॉलर होती, कॉलर अर्ध्यात सोडली की वाकडी जाते. मी डावा हात वर केला आणि बोटं मिटून तळहातावर टेकवली. आमच्या घरची खूण आहे ती, आईची. थांब. नंतर सांगते.

तो पाच-दहा मिनिटं थांबला असेल. मग मागच्या दारानं गेला.

त्या पत्रांत मी काय लिहिलं होतं ते तुमच्याकडे कुणी वाचलं का माहीत नाही. सात पत्रं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, असं उत्तर आलं सातही वेळा, एकाच मजकुराचं. मी लिहिलं होतं, तुम्ही बातम्या रद्द केल्यात म्हणून माझा भाऊ गॅसमध्ये गेला. तुमच्यामुळे. ते खोटं नाहीये. वेणी आली असती तर तिनं सांगितलं असतं आणि तो गेला नसता, हे मी कुठेही सांगेन. पण मी तेव्हा इथेच, दुकानात होते हे मी लिहिलं नाही. मला पाऊण वाजल्यापासून ठाऊक होतं हे एकाही पत्रात लिहिलं नाही. सगळ्या गल्लीला सांगितलं मी, कारण तोंडानं सांगायला काय लागतं. त्याला सांगायचं तर हात लागतात, आणि माझे हात कामात होते. — नाही ताई, तुम्ही ‘तुमचा काही दोष नाही’ वगैरे म्हणू नका. तुम्ही पट्टी टाकणाऱ्या, मी खूण करणारी. दोघींनी एकच सांगितलं त्याला.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. माणसं तोंडाला रुमाल लावून इकडे पळत येत होती आणि हा एकटा उलटा चालला होता. पोलीस ओरडला म्हणे त्याच्यावर, तीनदा. पाठीमागून ओरडला. घड्याळवाला आत होता, मागच्या खोलीत, भिंग लावून वाकलेला. आसपासच्यांनी जाताना त्याचं दार बडवलं होतं, बडवून ते गेले, बडवल्यावर कुणी उठत नाही म्हणजे घरात नाही असं त्यांना वाटलं. दादानं खांद्यानं कडी तोडली. त्याला पाठीवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं, तिथे दोघं पडले.

घड्याळवाला तिसऱ्या दिवशी गेला. छातीत भरला होता वायू. दादाची छाती वाचली, पण डोळे — डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या दोन्ही. एकोणीस दिवस. कान नव्हतेच, आता डोळेही बंद. तुम्ही विचार करा. मी केला नव्हता कधी तोवर. खाटेवर असा हात पसरून पडलेला असायचा, तळहात वर, कुणीतरी त्यात काही ठेवेल म्हणून. मी खांद्यावर दोनदा थोपटायची, मी आलेय. तळहातावर बोटानं अक्षरं काढायची. पा-णी. जे-व. डॉ-क्ट-र. आणि तो दर वेळी, ताई, दर वेळी, मनगटावर दोन बोटं टेकवायचा. घड्याळवाला? सकाळी तेच, दुपारी तेच. हॉस्पिटलात चहाबरोबर दोन बिस्किटं द्यायचे, त्यातलं एक तो उशीखाली ठेवायचा. नर्स वैतागायची, मुंग्या होतात म्हणायची. मला कळायचं ते कुणासाठी आहे.

काय सांगायला हवं होतं मी? हात हातात घेऊन सांगायचं होतं, गेला. दोन अक्षरं. पण मला वाटलं, ह्या अंधारात कसं सांगू, एकटा पडेल आत, रडला तरी पट्टी भिजेल, डॉक्टर म्हणाले होते डोळ्यांना पाणी नको. डोळे उघडू देत, मग समोर बसून सांगेन. म्हणून मी — मी त्याची बोटं मिटली आणि त्याच्याच तळहातावर टेकवली. थांब. नंतर. आणि त्याला त्याचा अर्थ काय वाटला असेल? मित्र बरा आहे, येईल नंतर. तो हसायचा हो. पट्टीखाली गाल हलायचे. एकोणीस दिवस मी त्याला रोज तसं हसवलं. तिकडे घड्याळवाल्याचं सगळं उरकलं होतं चौथ्या दिवशीच, चार माणसं होती. दादा नव्हता.

पट्टी काढली. उजवा डोळा स्वच्छ, डावा धुरकट राहिला. मी म्हटलं, आज घरी नेते, जेवू दे, झोपू दे, उद्या सांगते. घरी आणलं, मी स्वयंपाकघरात वळले, तेवढ्यात हा चपला घालून गेला. खिशात बिस्किटं. दाराला कुलूप. शेजारच्या बाईनं बिचारीनं त्याला हातावर डोकं ठेवून, डोळे मिटून दाखवलं. परक्या बाईला जमलं ते. तिला खुणा येत नव्हत्या एकही.

तो परत आला आणि त्यानं इथलं स्टूल उचलून मागच्या खोलीत नेलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही. दहा महिने झाले. — नाही, काम करतो, जेवतो, सगळं करतो. कापडावर खडूची खूण केली की ती वाचतो, बरोबर तिथेच काज पाडतो. माझी वाचत नाही. मी समोर गेले की मान खाली. ऐकू येणारा माणूस रुसला तरी कानांवर शब्द पडतातच, त्याला काय करणार तो. ह्यानं बघणं सोडलं म्हणजे संपलं. मी हात जोडले तरी ते दिसायला हवेत ना त्याला.

टीव्ही मात्र लावते मी रोज, दीडला. चुकून वेणी आली तर तो येईल बाहेर, असं वाटतं. कुठे आहे ती? — काढून टाकलं? कधी? — करारावर होती. बरं. आणि बातम्या आता फोनवर, ॲपमध्ये. त्याला फोन दिला मी, त्यानं तो तसाच ठेवून दिला, त्यात म्हणे बाई अंगठ्याएवढी दिसते. हे सुद्धा मला त्यानं नाही सांगितलं, इस्त्रीचे कपडे न्यायला पोरगा येतो त्याला दाखवलं, त्यानं मला सांगितलं.

मी शिकायला जाते आता. दर रविवारी, कर्णबधिरांच्या शाळेत. पंचावन्न वय माझं, वर्गात सगळ्यांत मोठी. बोटं मशीननं आखडलीत, पण येतं. हे बघा — वायू. नाकापासून अशी बोटं पसरत न्यायची. विषारी — असं. कारखाना. जाऊ नको — असा हात आडवा. चार खुणा झाल्या. किती वेळ लागला? तुम्ही बघत होता ना, किती? कॉलर वाकडी गेली असती तर उसवून पुन्हा शिवली असती. आणि हे — मित्र, दोन बोटं गुंतवून — मित्र, गेला. असं. मला ठाऊक होतं — असं, कपाळाला. मी सांगितलं नाही. मी भ्याले. आणि हे शेवटचं, माफ कर म्हणायचं, हे मी तिथल्या बाईंना मुद्दाम विचारून घेतलं, वर्ग सुटल्यावर, छातीवर मूठ अशी फिरवायची, हळू —

कुणाकडे बघताय तुम्ही?

माझ्या मागे? दारात? — कधीपासून?

अहो, मग सांगायचं नाही का मला. — नाही, थांबा, हलू नका, मी एकदम वळले तर जाईल तो आत. हात तसेच राहू दे माझे. बघतोय? माझ्याकडेच? हातांकडे की तोंडाकडे? — नको. नको, सांगू नका.

कोट काढून ठेवा खुर्चीवर. टाचण्या आहेत, सांभाळून. शुक्रवारी या. जा ताई, आता काही बोलू नका, दार नुसतं लोटून घ्या.